इंग्रजी शब्दक्रीडेतील 'विरळा' शब्द आणि पैनगंगेच्या दोन तीरांवरील त्यांचे अर्थ

इंग्रजी शब्दक्रीडेच्या व्यासंगी लोकांकरिता एक स्वतंत्र प्रकारचे कोशवाङ्मय निर्माण झालेले आहे. शब्दकोडी सोडविणारे आणि अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द जुळविणारे हे खेळाडू भाषेतील सर्वपरिचित शब्दांवर संतुष्ट राहत नाहीत. प्रतिस्पर्ध्याला ठाऊक नसलेला, परंतु कोशात सापडणारा शब्द हेच त्यांचे शस्त्र होय. यास्तव विरळा, अल्पाक्षरी आणि चमत्कारिक शब्दांच्या याद्या त्यांच्यासाठी अर्थांसह छापल्या जातात. ह्या याद्या चाळताना मराठी वाचकास मात्र विलक्षण अनुभव येतो. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या खेळाडूने घोकून पाठ करावयाच्या ह्या दुर्मिळ इंग्रजी शब्दांत रयत आहे, तालुका आहे, जिल्हा, जहागीर, काजी आणि निजाम आहेत. आणा, तोळा, शेर, कोस आहेत. डाक, घाट, नाला, बाभूळ, तूप आणि डाळही आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागातील हिमायतनगरच्या आठवडी बाजारात पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्या शब्दांवाचून एकही व्यवहार पुरा झाला नसता, ते शब्द जगाच्या दुसऱ्या टोकाला कौतुकाची वस्तू ठरले आहेत.

ह्या योगायोगाकडे केवळ गमतीने पाहणे पुरेसे नाही. शब्द इंग्रजी कोशात शिरतो तेव्हा तो एका विशिष्ट ठिकाणाहून, विशिष्ट काळी आणि विशिष्ट लेखकाच्या टाकातून शिरतो. आणि त्याबरोबर त्याचा अर्थही त्या ठिकाणी व त्या काळी गोठतो. मराठवाड्याने हेच शब्द इंग्रजीकडून घेतले नाहीत व इंग्रजीला दिलेही नाहीत. ते येथे फारसी आणि उर्दू दफ्तरांतून आले, आणि इंग्रज अंमलदारांच्या नजरेबाहेर त्यांनी वेगळे अर्थ धारण केले. परिणामी इंग्रजी यादीतील अर्थ हिमायतनगरच्या पेठेत नेऊन पाहिला असता तो कधी अपुरा तर कधी सरळ चुकीचा ठरतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे, कारण त्याच्या नियमांनीच ह्या शब्दांना किंमत आली आहे. आल्फ्रेड मोशर बट्स ह्या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने १९३० च्या दशकातील मंदीत बेकारीच्या दिवसांत हा खेळ रचला. वृत्तपत्रांच्या पानांवरील अक्षरे मोजून कोणते अक्षर किती वेळा येते ह्याचा त्याने हिशेब मांडला आणि त्या प्रमाणात शंभर सोंगट्यांची वाटणी केली. जे अक्षर विरळ त्यास गुण अधिक. क्यू व झेड ह्यांना प्रत्येकी दहा, जे व एक्स ह्यांना आठ, के ह्यास पाच. आणि नित्याच्या स्वरांना अवघा एक. १९४८ साली जेम्स ब्रुनो ह्याने त्यास 'स्क्रॅबल' हे नाव देऊन बाजारात आणले आणि १९५२ नंतर त्याचा प्रसार झपाट्याने झाला. मूळ नियम असा होता की, प्रमाणभूत कोशात असलेला कोणताही शब्द चालेल. मात्र विशेषनामे, संक्षेप, संयोगचिन्हाने जोडलेले शब्द आणि कोशाने परकीय म्हणून दाखविलेले शब्द चालणार नाहीत. ब्रिटनमध्ये ह्या कामी दीर्घकाळ चेंबर्सचा कोश प्रमाण मानला जाई. २००३ पासून ते स्थान कॉलिन्सच्या यादीकडे गेले. अमेरिकेत १९७८ मध्ये खेळाडूंचा स्वतंत्र अधिकृत कोशच प्रसिद्ध झाला.

परकीय शब्द नकोत हा नियम वरवर सरळ दिसतो. परंतु परकीय कोण हे ठरवावयाचे कोणी? हा प्रश्न खेळाडूंनी निर्माण केलेला नाही. तो त्यांच्या आधी कोशकारांपुढे उभा राहिला होता. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाचे संपादक जेम्स मरे ह्यांनी शब्दांचे चार वर्ग कल्पिले होते : जन्मजात, स्थायिक झालेले, परके आणि प्रसंगोपात्त येणारे. परक्या शब्दांच्या आधी दोन उभ्या समांतर रेघांची खूण असे. ह्या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये निघाला. त्या चव्वेचाळीस वर्षांत इंग्रजी राज्याच्या कागदपत्रांत जे हिंदी शब्द पुनःपुन्हा आले, ते क्रमाने कोशात जागा मिळवीत गेले. थोडक्यात, शब्दाला नागरिकत्व मिळाले ते बोलणाऱ्यांच्या मुखातून नव्हे, तर महसुलाच्या अहवालांतून, प्रवासवर्णनांतून आणि पार्लमेंटपुढे ठेवलेल्या कागदांतून. स्वतः शेतकऱ्याला इंग्रजीचा गंध नव्हता; त्याच्यावरील कराचा तपशील इंग्रजीत होता, एवढ्यावर त्याची 'रयत' इंग्रजी झाली.

ह्या कार्याची पूर्वतयारी दोन ग्रंथांनी केली होती. एक म्हणजे होरेस हेमन विल्सन ह्यांचा न्यायविषयक व महसूलविषयक संज्ञांचा कोश. तो १८५५ मध्ये कंपनी सरकारच्या आश्रयाने निघाला आणि त्यात देशी शब्द त्यांच्या त्यांच्या लिपीत देण्याचा उपक्रम केलेला आहे. दुसरा ग्रंथ अधिक प्रसिद्ध : हेन्री युल व ए. सी. बर्नेल ह्यांचा १८८६ मधील 'हॉब्सन-जॉब्सन'. मोहरमच्या मिरवणुकीतील 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानी पडून त्याचे जे विडंबित रूप झाले, तेच ह्या कोशाचे नाव. आणि ते नाव त्यातील सामग्रीचे स्वरूप चांगले सांगते. मात्र ह्या दोन्ही संपादकांची भूमी कोणती होती हे विसरता कामा नये. युल बंगालच्या इंजिनिअर पलटणीतले, तर बर्नेल मद्रास इलाख्याच्या सनदी सेवेतले. बंगाल, मद्रास, काही प्रमाणात मुंबई आणि अवध ह्यांची भाषा त्यांच्या पानापानांवर भेटते; निजामाचा मुलूख क्वचित. दोघांच्या विद्वत्तेस ह्यामुळे उणेपणा येत नाही, पण त्यांच्या नकाशात मोठी पोकळी राहिली ही गोष्ट खरी.

लेखनाची अनेकता हा ह्या शब्दांचा आणखी एक विशेष. आपल्या एका डाळीची चार-पाच निरनिराळी वर्णजुळणी इंग्रजी यादीत आढळते. कोस, नाला, जहागीर ह्यांचीही तीच गत. ह्याचे कारण शतकभर चाललेल्या एका वादात आहे. विल्यम जोन्स ह्यांनी १७८८ मध्ये आशियाई शब्दांच्या रोमन लेखनाची शास्त्रशुद्ध पद्धती मांडली. तीत स्वरांना इटालियन भाषेप्रमाणे मूल्ये दिली होती. फोर्ट विल्यमचे जॉन गिलख्रिस्ट ह्यांनी उलट इंग्रजी कानाला सोयीची, दुहेरी 'ई' व दुहेरी 'ओ' वापरणारी पद्धती रूढ केली. १८७० च्या दशकात विल्यम हंटर ह्यांनी जोन्सच्या बाजूने कौल देऊन सरकारी लेखन बरेचसे एकरूप केले. पण तोवर जुनी रूपे छापली गेली होती, आणि छापलेले रूप कोशकार टाकत नाही. पंडितांच्या वादातील पराभूत पक्षाची वर्णजुळणी अशा रीतीने खेळाडूच्या भात्यात शाबूत राहिली.

ह्या संदर्भात 'काजी' ह्या शब्दाचे उदाहरण फार बोलके आहे. इंग्रजी यादीत हा न्यायाधीश निदान तीन वेषांत वावरतो. आद्याक्षर सी घेतले तर सात गुण, के घेतले तर नऊ आणि क्यू घेतले तर चौदा. मूळ अरबी शब्दाच्या आरंभी कंठाच्या तळातून उच्चारला जाणारा 'क़ाफ' आहे. मराठीने हा ध्वनी स्वीकारला नाही. फकीर, कायदा, काजी, तालुका ह्या सर्वांत त्याचा सरळ 'क' झाला. जुन्या इंग्रजी प्रवाशांनीही नेमके तेच केले. पुढे अरबीचे शिस्तशीर लिप्यंतर करणाऱ्या विद्वानांनी 'क़ाफ'साठी क्यू नेमला, आणि इंग्रजीत यू-वाचून क्यू असलेल्या शब्दांचा एक छोटा कळप निर्माण झाला. काजी, फकीर, तलाक, भुयारी कालव्याचा 'कनात' हे सर्व त्यातले. खेळाडू त्यांच्यावर जीव टाकतात, कारण हातात क्यू येऊन यू न आल्यास दुसरा आधार नसतो. दहा गुणांचा हा लाभ वस्तुतः एका अरबी व्यंजनाचा आहे. ह्याच यादीत 'काजी'ला अगदी जवळचे, के आणि झेड असलेले एक रूप आढळते. पण ते न्यायाधीशाचे नव्हे! इंग्रजी बाजारू बोलीत तो शौचकूपाचा वाचक आहे व त्याचे मूळही निराळे. अर्थ न पाहता शब्द उचलणाऱ्यास हा धोका सतत असतो.

परंतु खेळाडूंना अर्थाची गरज असते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स ह्यांनी २०१५ मध्ये दिले. फ्रेंच भाषा येत नसताना केवळ शब्दसूची मुखोद्गत करून त्यांनी फ्रेंच भाषेतील जागतिक अजिंक्यपद मिळविले. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तोच पराक्रम केला. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ही घटना विचारात टाकणारी आहे. सूचित शब्दाचे रूप उरते, अर्थ उरतोच असे नाही. मराठीतील अक्षरक्रीडेची परंपरा ह्याहून वेगळी आहे. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून निरोष्ठ रामायण रचले. तेथे बंधन वर्णांचे असले तरी कथा व अर्थ सुटलेले नाहीत. उखाणा तर अर्थावाचून संभवतच नाही. शिवाय देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे ह्यांमुळे सुट्या वर्णांच्या सोंगट्यांचा खेळ मुळातच अवघड होऊन बसतो. ते असो.

आता हिमायतनगरकडे वळावयाचे. ह्या गावाचे जुने नाव वाढोणा. तेथील परमेश्वर मंदिराच्या संदर्भात ते नाव अद्याप ऐकू येते. 'हिमायत' म्हणजे आश्रय किंवा संरक्षण. हे अरबी नाव निजामी अमदानीचे. उत्तरेस पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे उमरखेडचा प्रदेश, म्हणजे वऱ्हाड. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि तेव्हापासून ही नदी दोन राज्यपद्धतींची सीमा झाली. दोन्ही तीरांवर मराठी, दोन्ही तीरांवर कापूस आणि जवारी, सोयरिकी एकमेकांत. परंतु दफ्तर वेगळे. पलीकडे इंग्रजी कागद. अलीकडे आधी फारसी आणि १८८४ पासून उर्दू. १९१८ मध्ये हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेवले आणि आधुनिक शास्त्रांच्या परिभाषेसाठी भाषांतर विभाग चालविला. इंग्रजी शब्दांना मराठवाड्यात उशिरा शिरकाव मिळाला तो ह्या कारणाने. आणि अरबी-फारसी शब्द येथे अधिक काळ, अधिक खोलवर नांदले तेही ह्याच कारणाने.

अशा सीमेवर एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे होतात ह्याचा उत्तम नमुना म्हणजे 'तालुकदार'. मूळ अरबी 'तअल्लुक' ह्याचा अर्थ संबंध, अधीनता. उत्तर हिंदुस्थानात तालुकदार म्हणजे मोठ्या जमिनीचा धनी. १८५७ च्या उठावानंतर अवधचे तालुकदार इंग्रजी वाचकांना चांगलेच परिचित झाले आणि इंग्रजी कोशांतही हाच अर्थ बळावला. महसूल गोळा करणारा सरकारी अधिकारी हा दुसरा अर्थ बहुधा सर्वत्र लोपला असावा, असा युल ह्यांचा कयास होता. हा कयास १८८६ मध्ये छापला गेला, तेव्हा पैनगंगेच्या दक्षिण तीरावर स्थिती नेमकी उलट होती. सर सालारजंग ह्यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली आणि प्रत्येक जिल्ह्याच्या प्रमुखपदी अव्वल तालुकदार नेमला; त्याच्या हाताखाली दुय्यम व सेवम तालुकदार असत. तालुक्याचा अधिकारी मात्र तालुकदार नव्हे, तर तहसीलदार. म्हणजे नांदेडच्या शेतकऱ्याला तालुकदार शब्दाने जमीनदार कधीच अभिप्रेत नव्हता. ज्याच्या कचेरीत अर्ज नेऊन उभे राहावयाचे, तो जिल्ह्याचा सर्वोच्च हाकिम त्याच्या डोळ्यांसमोर येई. ही रचना १९४८ पर्यंत टिकली. कोशकाराने मृत म्हणून नोंदविलेला अर्थ त्याच्या पश्चात साठ वर्षे एका विस्तृत प्रदेशावर राज्य करीत होता!

'आणा' हा शब्द त्याहून साधा आणि म्हणूनच अधिक फसवा. इंग्रजी यादी सांगते की, आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. ही व्याख्या नदीच्या दोन्ही तीरांवर खरी होती. पण रुपया कोणता? वऱ्हाडात चाले तो इंग्रजी कलदार. हिमायतनगरात निजामाचा हाली सिक्का. सात हाली रुपयांना सहा कलदार हा त्यांचा भाव, अर्थात शंभर कलदार पाहिजेत तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. दक्षिण तीरावरील आणा उत्तर तीरावरील आण्याच्या सहा सप्तमांश. कोशाच्या व्याख्येत चूक शोधूनही सापडत नाही, आणि तरी तिच्या भरवशावर कापसाचा एक हिशेबही बरोबर आला नसता. हाली चलन १९५० च्या दशकाबरोबर संपले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आल्यावर आणाही कायद्याने संपला. 'चार आणे', 'बारा आणे पीक' अशा बोलण्यात तो पुढेही राहिला, आणि बारा आणे पीक म्हणताना कोणाच्याही मनात नाणे नसते, प्रमाण असते. पीकपाण्याचा हा लाक्षणिक आणा मराठी कृषिव्यवहाराचा प्राण आहे. इंग्रजी सूचीत त्यास चार गुण मिळतात. अगदी कमी भावाचा तो शब्द.

'रयत' शब्दाच्या बाबतीत भेद व्याकरणाचा आहे, आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ राखणीतील कळप. मराठीत रयत ही प्राधान्याने समूहवाचक : राजाची रयत, पाटलाची रयत. व्यक्तीचा निर्देश करावयाचा तर 'कूळ', 'कुणबी' किंवा 'खातेदार' असे म्हणावे लागते. इंग्रजीत मात्र हा शब्द गणनीय झाला. एक रयत, दोन रयत, असे त्याचे अनेकवचन एस लावून होते. हे रूपांतर ध्वनिशास्त्राने घडलेले नाही. टॉमस मन्रो ह्यांनी मद्रास इलाख्यात जी रयतवारी रूढ केली, तिचे तत्त्वच असे की सारा गावाकडून एकत्रित न घेता प्रत्येक कसणाऱ्याच्या नावे आकारावा. सरकारच्या वहीत प्रत्येक शेतकरी स्वतंत्र ओळीवर आला, आणि त्या ओळींबरोबर समूहवाचक नाम व्यक्तिवाचक झाले. महसूलपद्धतीने शब्दाचे वचन बदलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते.

शेतमालाच्या शब्दांतही हाच फरक दिसतो. इंग्रजीने हिंदीतील 'जोवार' घेतला. मराठवाड्यातील उच्चार 'जवारी', आणि रब्बीच्या दाणेदार वाणाला 'शाळू' हे वेगळे नाव. त्याच धान्याचे अरबी नाव 'दुर्रा' आफ्रिकेच्या वाटेने इंग्रजीत शिरले व त्याचीही अनेक वर्णजुळण्या नोंदल्या गेल्या. खेळाडूच्या दृष्टीने हे वेगवेगळे शब्द आहेत; भाकरी मात्र एकच. जे आणि डब्ल्यू ह्यांच्या बळावर जोवारीस पंधरा गुण मिळतात, आणि झेडच्या बळावर निजामास सोळा. निजाम जोवारीहून एकाच गुणाने सरस असावा ही तुलना मराठवाड्याच्या इतिहासाच्या अभ्यासकाला अप्रिय वाटू नये. हा शब्द पटावर चालतो हेही चिंतनीय आहे. विशेषनामांना मज्जाव असताना तो चालतो, कारण कोशांनी तो एका राजघराण्याची पदवी म्हणून, आणि तुर्की फौजेतील नियमित सैनिक ह्या अर्थानेही, लहान लिपीत नोंदविला आहे.

ह्याच्या उलट, खुद्द मराठीकडे मूळ दाखविले जाते असे शब्द इंग्रजीत थोडेच. 'मुंगूस' त्यांत अग्रगण्य होय. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन फ्रायर मुंबई-सुरतेकडे फिरत होता. १६९८ साली छापलेल्या त्याच्या वृत्तान्तात हा प्राणी भेटतो. इंग्रजी कोश त्याची व्युत्पत्ती मराठीकडे नेतात, परंतु तेलुगू व कन्नड भाषांतही त्याला जवळची रूपे असल्यामुळे मराठीने तो द्राविडी शेजाऱ्यांकडून घेतला असण्याचा संभव दृष्टीआड करता येत नाही. हिमायतनगर-किनवट पट्ट्यात, जेथे मराठी, तेलुगू आणि गोंडी एकाच बाजारात बोलल्या जातात, तेथे ही शक्यता पुस्तकी वाटत नाही. तेलुगूतील 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्करउंदीर, आपल्याकडची घूस, हाही इंग्रजीत गेला आणि पुढे ऑस्ट्रेलियातील एका पिशवीधारी प्राण्याला चिकटला. कोकणच्या 'बोंबला'चे मासळीवाचक इंग्रजी रूप आणि देवळालीच्या लष्करी छावणीवरून, मायदेशी जाण्याची वाट पाहून डोके फिरलेल्या शिपायांसाठी रूढ झालेले 'डूलॅली' हे विशेषण, हे दोन शब्दही ह्याच पंक्तीतले. नाशिकजवळच्या एका गावाचे नाव वेडेपणाचा पर्याय व्हावे, ह्यास काय म्हणावे!

ह्या शब्दांचे स्वदेशात काय झाले, हा प्रश्न ह्यापुढचा. मराठीत त्यांच्याविरुद्ध चळवळ जुनी आहे. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द योजिले होते. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारे माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, ह्यांनीच १९३८ मध्ये भाषाशुद्धीची बाजू ग्रंथरूपाने मांडली. ज्याने हे शब्द सर्वांत प्रेमाने गोळा केले त्याच्याच हातून त्यांना निरोप मिळावा, ही गोष्ट मराठी भाषेच्या इतिहासात नोंद करण्याजोगी आहे. मराठवाड्यावर ह्या चळवळीचा प्रत्यक्ष परिणाम उशिरा झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा विभाग द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. अव्वल तालुकदार प्रथम कलेक्टर झाला आणि मग जिल्हाधिकारी. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे काम हाती घेतले, तर १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कारभाराची भाषा ठरविले. अवघ्या वीस वर्षांत उर्दू दफ्तराचा शब्दसंसार विखुरला.

तथापि हा प्रवाह एकेरी नव्हता. पश्चिम महाराष्ट्रात मुंबई इलाख्याच्या प्रथेप्रमाणे तालुक्याचा अधिकारी 'मामलेदार' म्हणविला जाई. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने संपूर्ण राज्यासाठी 'तहसीलदार' ही संज्ञा स्वीकारली. मराठवाड्याच्या व वऱ्हाडच्या दफ्तरातील शब्द पुण्या-साताऱ्याच्या शब्दावर मात करून गेला, ह्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. शुद्धीच्या ऐन भरातही व्यवहार आपल्याला हवा तो शब्द राखून ठेवतो, मग त्याची जात कोणतीही असो.

वजनमापांचे तसे झाले नाही. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि पुढील काही वर्षांत शेर, मण, कोस हे अधिकृत व्यवहारातून गेले. कोस शब्दाचे मूळ संस्कृत 'क्रोश', म्हणजे हाक. जेथवर हाक ऐकू जाईल तेवढे अंतर. मैलाच्या दगडांनी आणि मग किलोमीटरच्या पाट्यांनी त्याची गरज संपविली. इंग्रजी यादीत मात्र तो दोन-तीन वर्णजुळण्यांसह सुखरूप आहे. सूचीतील हे जीवन खरे जीवन मानता येईल काय, ह्याबद्दल मतभेद होऊ शकेल. संग्रहालयातील तलवारीला धार असते, पण तिच्यावर कोणाची मूठ नसते.

'खंडी'चे उदाहरण ह्या मतभेदात उपयोगी पडते. मराठी शेतकऱ्याची खंडी म्हणजे वीस मण, आणि मणाचे वजन जागोजाग वेगळे. मुंबईच्या कापूसबाजारात इंग्रज व्यापाऱ्यांनी ती २८ पौंडांच्या २८ मणांवर, म्हणजे ७८४ पौंडांवर स्थिर केली आणि इंग्रजीत तिला 'कँडी' असे लिहिले. वीसाची खंडी अठ्ठावीसाची झाली ती अशी. इंग्रजी खेळाडूला त्या वर्णजुळणीत केवळ खडीसाखर दिसते, आणि तेही अगदीच निराधार नाही, कारण खडीसाखरेचा तो शब्द फारसी 'कंद' द्वारा संस्कृत 'खण्ड' शब्दाकडेच जातो. एकाच धातूची दोन अपत्ये दोन मार्गांनी इंग्रजीत पोहोचून एका रूपात मिळाली. पौंड गेले, मण गेले, हाली सिक्का गेला, पैनगंगेवरची सीमाही गेली. कापसाच्या गाठींचा घाऊक भाव मात्र आजही खंडीवर सांगितला जातो, आणि ती खंडी ३५५.६२ किलोग्रॅमची धरतात.